मुकुटाची रेघ

"हितं हाय. हितंबी हाय. हितं तर झाडी झालीया. आणि हितं? हितं बोंब! सगळं रान सोडून नेमकं हितंच कशाला रुसायचं म्हणतो मी!"

बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं आणि मी टॉवेल घेऊन बाहेर उभी होते. आत आमचे हे, श्रीपाल मगदूम, वय वर्षं एक्कावन्न, कोल्हापूरच्या शाहूपुरीत ठिबकच्या पाइपांचं दुकान, आरशासमोर मान खाली घालून आणि डोळे वर चढवून स्वतःच्या डोक्याशी भांडत होते.

"कुणाशी बोलताय?" मी विचारलं.

"कुणाशी न्हाई."

"मग हा टॉवेल कुणाला देऊ?"

हात बाहेर आला, टॉवेल घेऊन आत गेला, आणि दार लागलं. आतून पुन्हा पुटपुट सुरू झाली.

गेले काही महिने आमच्या घरातली सकाळ अशीच उजाडते. मला आता तिची सवय झाली आहे, म्हणजे दूधवाल्याच्या हॉर्नची होते तशी. आणि खरं सांगायचं तर तक्रार करण्यासारखं फार काही नाही. केस आलेत. पुढून पाहिलं तर कपाळ पुन्हा कपाळाएवढं झालंय. फक्त एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, केसांच्या मधून, बोटभर रुंदीची एक कमान कोरी राहिलीय. उसाच्या रानात नांगे पडतात, म्हणजे मधलं एखादं रोप उगवत नाही आणि जागा मोकळी राहते. पण नांगे कुठंही पडतात, वेडेवाकडे. आमच्या ह्यांचे मात्र एका रेघेत, कुणी दोरी धरून आखल्यासारखे.

ते तसे का पडले हे आम्हा दोघांना माहीत होतं, पुण्यात आमच्या लेकीला, आदितीला माहीत होतं, आणि तिथल्या डॉक्टरला माहीत होतं. ज्याला कळू नये म्हणून आम्ही वर्षभर जीव टाकत होतो, तो माणूस आज सकाळच्या गाडीनं आमच्या गावाहून, कागलहून, आमच्याकडे नाश्त्याला येणार होता.

तर मुळापासून सांगते.

गडहिंग्लजला शेतीचं एक प्रदर्शन भरलं होतं. आमच्या दुकानाचा स्टॉल होता आणि मी मदतीला गेले होते. एक म्हातारे पावणे आले, पाइपा हाताळल्या, भाव विचारला आणि जाता जाता ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मालक, लेक गुणाची हाय हो तुमची. धंद्यात लक्ष घालती."

लेक म्हणजे मी.

मला पुढं आठवडाभर फार छान वाटलं, ते लपवत नाही. ह्यांचं मात्र काहीतरी बिनसलं. त्या दिवसापासून फोटोची वेळ आली की हे मागच्या रांगेत. बारशात मागं, साखरपुड्यात मागं. शेजारच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोत तर एका फुलदाणीच्या मागं. मी म्हणायची, "अवो, टक्कल तुमच्या घराण्यातच हाय. अप्पांकडं बघा, काय फरक पडलाय त्यांना?" पण अप्पांची गोष्ट वेगळी. अप्पा म्हणजे माझे मोठे दीर. तिशीतच त्यांच्या डोक्यावरचं सगळं गेलं आणि त्यांनी त्यावर जी पांढरी टोपी ठेवली ती ठेवलीच. लग्न होऊन मला सत्तावीस वर्षं झाली, पण टोपीशिवायचे अप्पा मी फारच क्वचित पाहिलेत.

शेवटी आदितीनंच पुण्यातल्या एका डॉक्टरची वेळ घेतली. मागच्या, मानेवरच्या भागातून केसांची मुळं काढायची आणि पुढं एकेक करून लावायची. डॉक्टरनं शास्त्रीय नाव सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे उसाची लागणच की."

ठरलं असं की खपल्या पडून डोकं माणसात येईपर्यंत हे आदितीच्याच फ्लॅटवर राहणार. गावी आणि दुकानात सांगायचं, पुण्याला यंत्रांचं प्रदर्शन आहे. मीही गेले. ऑपरेशन झालं. सगळं डोकं भादरलेलं, पुढच्या भागावर तांबडे ठिपके, जसं काही कुणी शिवणयंत्र चालवलंय. झोपायचं ते पाठीमागं उशा रचून, बसल्यासारखं. आणि आदिती थोड्या थोड्या वेळानं येऊन डोक्यावर औषधी पाण्याचा फवारा मारायची, भाजीवाली मेथीवर मारते तसा. डॉक्टरनं बजावलं होतं, पहिले दहा-बारा दिवस डोक्याला काही लागू द्यायचं नाही. हेल्मेट नाही, घट्ट टोपी नाही, चोळणं नाही. मुळं अजून धरायची आहेत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अप्पांचा फोन आला. स्पीकर लावलेला नव्हता, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"श्रीपालऽ! सवाल घेतलो! तुझ्या नावावर घेतलो! सौधर्म इंद्र!"

आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, त्या आठवड्यात पंचकल्याणक पूजा बसणार होती. अशा पूजेतल्या मानाच्या जागांसाठी बोली लागते, तिला आमच्याकडे सवाल म्हणतात. सगळ्यात मोठा मान सौधर्म इंद्राचा. तो नवरा-बायकोनं घ्यायचा, डोक्यावर मुकुट घालून इंद्र-इंद्राणी व्हायचं, रथात बसायचं, भगवंताच्या जन्माचा अभिषेक करायचा. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरानं हा मान लांबून बघितलेला.

"अप्पा, तुमीच बसा की इंद्र," हे कसंबसं म्हणाले.

"मी? इंद्राणी कुठनं आणू? तुझी वैनी जाऊन आठ वरसं झाली. आणि म्या काय करायचं मुकुट घालून? तू बसायचं. पूजा परवापास्नं हाय, निघ तिथनं. परदर्शन गेलं खड्ड्यात."

फोन ठेवला. हे माझ्याकडं बघायला लागले, मी आदितीकडं, आणि आदिती फवाऱ्याच्या बाटलीकडं.

"बाबा, सरळ सांगा ना काकांना," ती म्हणाली.

सरळ सांगा! पुण्यात राहून पोरीला वाटतं सगळं सरळ सांगता येतं. वडील गेले तेव्हा हे पाचवीत होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून अप्पांची सही, आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून अप्पांचं नाव. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना काहीतरी झगमगीत द्यायचं ठरवलं होतं. आणि दुसरं म्हणजे, आमचे साधू स्वतःच्या हातानं डोक्यावरचे केस उपटतात. केशलोच म्हणतात त्याला. ते बघायला आम्ही सगळे हात जोडून बसतो, बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा समाजात भर पूजेच्या तोंडावर 'मी केस लावून घेतलेत, म्हणून येत नाही' असं म्हणायला फार मोठी छाती लागते. आमच्या ह्यांची छाती बेताची.

"डॉक्टरनं हेल्मेट नको म्हटलंय," हे विचार करून म्हणाले. "मुकुटाचं काय बोलला न्हाई."

गावात पोचलो. मंडप सजला होता, लाउडस्पीकर चालू होता. ह्यांनी डोक्यावर मऊ, ढगळ कापडी टोपी घातली होती, ती अप्पांनी पोचल्या पोचल्या काढायला लावली, कारण मुकुटाचं माप बघायचं होतं. टोपी निघाली. भादरलेलं डोकं, त्यावर ते तांबडे ठिपके.

अप्पा बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही बदलला की मला वाटलं, आता कळलं सगळं. पण त्यांचे डोळे भरून आले.

"केस दिलंस व्हय रं?" ते म्हणाले. "पूजेसाठी?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी तोंड उघडणार होते, पण तेवढ्यात शेजारच्या अंबूबाई पुढं सरकल्या. गावात काहीही घडलं तरी त्याचा खुलासा त्यांच्याकडं तयार असतो.

"व्हय की! मी बघितलो तवाच वळखलो. पर न्हावी बदला हो तुमी. कसला वस्तरा फिरवलाय मेल्यानं, सगळं टोचून ठेवलंय."

आणि अप्पांनी माइक हातात घेतला. "माझ्या धाकल्या भावानं," ते म्हणाले आणि माइक आणखी जवळ घेतला. "इंद्र व्हायच्या आदी त्यानं आपलं केस त्यागलं!" टाळ्या पडल्या. जयजयकार झाला. आमचे हे हात जोडून, मान खाली घालून उभे. लोकांना वाटलं, काय ही नम्रता.

जन्मकल्याणकाच्या दिवशी मिरवणूक होती. मुकुट पितळेचा, सोनेरी मुलामा दिलेला, खड्यांचा, कडेला लाल मखमलीचं पातळ अस्तर. मागून बांधायला दोरी. मी सकाळी तो ह्यांच्या डोक्यावर असा ठेवला होता, की ठेवलाय म्हणता येईल आणि टेकलाय म्हणता येणार नाही. दोरी नावाला. हे मान ताठ धरून रथात बसले, पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे. मी शेजारी, शालू, दागिने, माझ्याही डोक्यावर छोटा मुकुट. एरवी मी खूश झाले असते. खरं तर झालेही होते थोडी.

पण गावचा रस्ता तो गावचा रस्ता. गटारासाठी उकरलेल्या चरावरून रथ गेला, मुकुट डुगडुगला आणि कपाळावर घसरला. लोक "अरं, अरं" करायला लागले. इंद्राचा मुकुट पडणं म्हणजे अपशकुनच. रथाच्या कडेनं अप्पा चालत होते. साठी उलटलेला माणूस, पण टुणकन पायरीवर चढले, मुकुट नीट केला, दोन्ही हातांनी खाली दाबून बसवला, आणि मागची दोरी ओढून उसाच्या मोळीला मारतात तशी गाठ मारली.

"आता वादळ येऊ दे!" ते म्हणाले आणि खाली उतरले. चेहऱ्यावर असं समाधान, की काय सांगू.

ह्यांनी डोळे मिटले होते. ओठ पांढरे पडलेले.

"दुखतंय?" मी हळूच विचारलं.

"सुरेखा," हे ओठ न हलवता म्हणाले, "कानाजवळ काय तरी ओलं लागाय लागलंय."

बघितलं तर कानशिलावरून रक्ताची बारीक धार. मी पदरानं टिपली. पुन्हा आली, पुन्हा टिपली. नशीब की शालू लाल होता. वरून फुलं पडत होती, बँड वाजत होता, आणि खालून अंबूबाई कौतुकानं सगळ्यांना दाखवत होत्या, "बगा, बगा, इंद्राणी कशी घाम पुसाय लागलीया नवऱ्याचा. शिका वाईच."

अभिषेक होईपर्यंत मुकुट काढता येत नव्हता. तो काढला तो मंडपामागं उभ्या केलेल्या आमच्या गाडीत, काचा वर करून. गाठ सुटेना, मी दातांनी सोडवली. पुण्याला फोन लावला.

"स्वच्छ गॉज घ्या आणि हलक्या हातानं दाबून धरा," डॉक्टर म्हणाला. "अजिबात घासायचं नाही. पण झालं कशानं? काही डोक्याला लागलं का?"

"मुकुट," मी म्हणाले.

"काय?"

"मुकुट घातला होता."

"मुकुट म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "नेमकं काय घातलंय त्यांनी?"

रक्त थांबलं. पण डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं, जिथून असं रक्त आलंय तिथली मुळं निसटली असणार. ती परत धरत नाहीत. आणि मुकुट पुन्हा घालणार असाल तर मला फोन करू नका.

दुसऱ्या दिवशी तपकल्याणक. राजवैभव सोडून तीर्थंकर स्वतःच्या हातानं केस उपटतात, तो प्रसंग. ते केस इंद्रानं तबकात झेलायचे आणि आदरानं क्षीरसागरात नेऊन सोडायचे. मी आदल्या रात्री मुकुटाची दोरी सैल करून, आत कापूस घालून, वर ह्यांच्याकडून डोकं न हलवायची शपथ घेऊन ठेवली होती. मंत्र चालले होते. सगळा मंडप चिडीचूप. प्रतीक म्हणून ठेवलेले केस ह्यांच्या हातातल्या तबकात आले. हे त्या केसांकडं बघत राहिले. काळेभोर, दाट. मग हळूच त्यांनी माझ्याकडं बघितलं.

बघायला नको होतं. माझ्या पोटातून हसू असं उसळलं की मी ओठ चावला. ह्यांचे खांदे हलायला लागले. आवाज बाहेर येऊ नये म्हणून दोघांनी श्वास धरला तर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मंडपातल्या बायकांनी ते पाहिलं आणि त्याही रडायला लागल्या. पलीकडं अप्पा टोपीच्या टोकानं डोळे पुसत होते.

देवानं आम्हाला माफ केलं असणार. त्याला निदान खरं काय ते ठाऊक होतं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. लावलेले केस आधी गळतात, मग काही महिने काहीच नाही, मग बारीक लव यायला लागते. ज्या दिवशी पहिली लव दिसली त्या दिवशी ह्यांनी दुकानात पेढे वाटले आणि कारण विचारल्यावर 'असंच' म्हणाले. हळूहळू सगळीकडं आले. रेघेवर आले नाहीत. मुकुटाची कड जिथं रुतली होती, बरोबर तिथं. मुकुट काढून ठेवला तरी त्याची खूण हे डोक्यावर घेऊनच फिरत होते.

आणि त्याबद्दल कुणी म्हणजे कुणी काही बोललं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याची नजर रेघेवर जायची आणि मग तो एकदम पाइपांच्या व्यासाची चौकशी करायचा. अंबूबाई एकदा कोल्हापुरात दवाखान्यासाठी आल्या, ह्यांच्याकडं निरखून बघितलं, आणि म्हणाल्या, "त्यागाचं फळ हाय. दिलं त्याच्या दुप्पट दिलं देवानं." मग नजर रेघेवर अडकली. "चहा बरा झालाय गं," त्या म्हणाल्या. चहा मी अजून दिलाही नव्हता.

अप्पांचं मात्र मला नवल वाटायचं. मनात येईल ते बोलणारा माणूस. माझ्या भाकरीला 'जाड झालीया' म्हणायला कधी कचरले नाहीत. पण हल्ली आमच्याकडं आले की ह्यांच्या कपाळाकडं एकदा बघायचे आणि मग पंख्याकडं. "पंखा लई जुना झाला की रं," म्हणायचे. वर्षभरात त्यांनी आमच्या पंख्याबद्दल जेवढं म्हटलं तेवढं मागच्या वीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

आता अडचण अशी होती. डॉक्टरनं ती रेघ भरून द्यायचं कबूल केलं होतं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी गावात पूजेचं वर्ष भरत होतं. पुन्हा अभिषेक, पुन्हा छोटी मिरवणूक, गेल्या वर्षीचे इंद्र-इंद्राणी पुन्हा रथात. मुकुट घातला तर नवी लागणही जाणार. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं तर अप्पांनी जीव लावून मारलेल्या त्या एका गाठीनं काय केलं, तेही सांगणं आलं.

"तारीख फुडं ढकलूया," मी म्हटलं होतं.

"दोनदा ढकललीया. आता ढकलली तर डॉक्टर म्हणतोय पावसाळ्यानंतरच."

"मग अप्पांना सांगू."

"मरंस्तवर मनाला लावून घेतील ते. ऱ्हाऊ दे. रेघ तर रेघ."

असं म्हणायचे आणि सकाळी पुन्हा आरशासमोर.

आंघोळ करून हे बाहेर आले, केस ओले, मधली वाट स्पष्ट. तेवढ्यात फाटक वाजलं. अप्पा आले. एका हातात काकवीचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतलं ओझं काय आहे ते आकारावरून कळत होतं.

"या म्हण की! दार धरून काय उबी ऱ्हायलीस?"

"या की अप्पा. बसा. पोहे केल्यात, कांदा घातला न्हाई."

"दूध दे फकस्त आदी." ते सोफ्यावर बसले, ह्यांच्याकडं बघितलं आणि मग वर. मी मनात म्हटलं, आता पंखा.

पण अप्पा पंख्याबद्दल काही बोलले नाहीत. पिशवी मांडीवर घेतली. दूध दिलं, ते हातात धरून ठेवलं.

"तर मंग," ते म्हणाले, "फुडल्या रविवारी वरीस भरतंय. रथ सांगितलाय."

हे खाकरले. "अप्पा, त्याचं असं हाय… पुण्याला जरा…"

"परदर्शन?"

"व्हय."

"गेल्या साली बी परदर्शनच हुतं की."

"ते येगळं. हे ठिबकचं."

"मोप परदर्शनं भरत्यात पुण्यात." अप्पांनी दुधाचा एक घोट घेतला. "जा. रथाचं मागनं बघू. मीबी येतो."

"तुमी? तुमी कशाला, अप्पा?"

"उशा रचाय कोण तरी लागंल की. बसून झोपायचं असतंय न्हवं? आणि त्यो फवारा. पोरगी कामाला गेली की कोण मारणार फवारा?"

माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. ह्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं. मी मान हलवली. मी नाही सांगितलं.

"सुरेखाकडं बघू नगंस. आदितीला इचारलो मी. ती बी सांगत नव्हती, मी शपत घातलो." अप्पांनी पिशवीतून मुकुट काढला आणि माझ्याकडं दिला. "ह्याच्यात हात घाल."

मी आत हात घातला. लाल मखमल गेलेली. तिच्या जागी सगळ्या कडेनं जाड, मऊ गादी, जुन्या धोतराच्या कापडाची, आत पिंजलेला कापूस. टाके लांब लांब, पोत्याला घालतात तसे. दोरीही नव्हती. मागं एक रुंद पट्टा, नुसता अडकवायचा.

"कुणी शिवलं हे?"

"मी." ते म्हणाले. "जमलं न्हाई नीट. सुई टोचली दोनदा."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"पूजा झाल्यावर मुकुट ठेवाय लागलो कपाटात," अप्पा खाली बघून बोलायला लागले. "अस्तर कडक लागलं हाताला. उलटं करून बघितलो. रगत वाळलेलं. आणि त्यात बारीक बारीक केस, मुळासकट. मला वाटलं, तू सांगशील. तू न्हाई सांगितलास. मंग तुझं केस यायला लागलं, आणि ती रेघ…" त्यांनी बोटानं हवेत कमान काढली. "मंग मला वाटलं, आपून बोलावं. आलो की तुझ्याकडं बघायचो आणि तोंडातनं पंखा यायचा."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. ह्यांनी नाही गिळलं. हे हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

"पंखा खरंच जुना हाय, अप्पा," हे म्हणाले.

"हायच की. बदल तो." अप्पाही जरासे हसले. मग गंभीर झाले. "सवाल कशाला घेतलो ठाऊक हाय तुला? फोटू काढताना तू मागं जाऊन उभा ऱ्हायचास. लहानपणी सगळ्यांच्या फुडं घुसणारं पोरगं. मी बघत हुतो. कशानं मागं जातंय ते मला कळतंय की, मला न्हाई कळणार तर कुणाला? म्हटलं, मुकुट घातला की फुडं बसाय लागंल. झाकूनबी जाईल आणि फुडंबी बसंल."

हे काहीतरी म्हणायला गेले. अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, गुळगुळीत डोक्यावरून एकदा तळवा फिरवला आणि आमच्या ह्यांच्या कपाळावरच्या रेघेकडं, यावेळी नजर न हलवता, बघत म्हणाले,

"श्रीपाल, ती गाठ मी मारली. तुझं केस मी उपटलो, बाबा."